लांबच्या प्रवासाच्या शेवटी मेक्सिको: सॅक पाठीवर घेऊन जोडीने जाणाऱ्यांसाठी

दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, उशुआइयात, आम्ही दोघांनी पाठीवर सॅक चढवल्या आणि उत्तरेकडे सरकत राहिलो. दहाव्या महिन्यात बेलिझची सीमा ओलांडून मेक्सिकोत शिरलो तेव्हा माझ्या बुटांचे तळ गुळगुळीत झाले होते, नवऱ्याचं सात किलो वजन उतरलं होतं, आणि कुणी आणखी एका धबधब्याचं नाव काढलं की दोघांनाही नको वाटायचं.

मेक्सिकोवरचे बहुतेक लेख ताज्या दमाने दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्यांसाठी असतात. हा लेख दमलेल्यांसाठी आहे. पैसे मोजके उरलेत, घरची ओढ लागलीय, महिनोन्महिने एकमेकांशिवाय मराठीत बोलायला कुणी नाही, अशा वेळी हा देश कसा करावा ते सांगते. आम्ही तिथे ४२ दिवस होतो.

पायरी १: कागद घरून निघतानाच बघा

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी एखादा चालू व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा होता, म्हणून निभावलं. लांबच्या प्रवासात इथेच घोळ होतो. निघताना शेंगेन व्हिसा चालू असतो, पण आठ-दहा महिन्यांनी तुम्ही मेक्सिकोच्या दारात पोचता तेव्हा तो संपलेला असतो. तुम्ही सीमेवर उभे असाल त्या दिवशी तो चालू असायला हवा. यापैकी काहीच नसेल तर मेक्सिकोच्या दूतावासाचं काम भारतातूनच उरकून निघा. पासपोर्टची मुदत आणि कोरी पानंही मोजा, दहा महिन्यांत पानं भराभर संपतात.

प्रवेशाच्या वेळी जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, पण किती द्यायचे ते समोरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं आरक्षण दाखवायला तयार ठेवा, आणि त्याने किती दिवस लिहिलेत ते खिडकी सोडण्याआधी वाचा. जमिनीवरून येत असाल तर प्रवेशाचा कागदी फॉर्म मिळतो आणि सात दिवसांहून जास्त राहायचं असेल तर शुल्क भरावं लागतं. त्याची पावती घ्या आणि फॉर्म पासपोर्टातच ठेवा, कारण देशाबाहेर पडताना तो मागतात.

परतीचं विमानही आताच बघा. भारतात थेट विमान नाही. अमेरिकेतून येणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो, कारण तिथे इमिग्रेशनमधून बाहेर पडावंच लागतं. युरोपातून येणार असाल तर ज्या देशात विमान बदलता त्याचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा.

पायरी २: नकाशावरची अर्धी ठिकाणं खोडा

आम्ही पहिल्या रात्री वहीत सतरा ठिकाणं लिहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने पेन्सिल घेऊन दहा खोडली. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्या ४२ दिवसांतला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

उरलेला रस्ता असा: बाकालार ४ रात्री, वायादोलिद ४, मेरिदा ५, पालेंके २, सान क्रिस्तोबाल दे लास कासास ७, ओआहाका १०, मेक्सिको सिटी ८. दोन रात्री बसमध्ये गेल्या. पॅसिफिकचा किनारा, ग्वानाहुआतो, अख्खा उत्तर भाग सोडला. कानकुन आणि तुलुमही सोडलं, कारण महागडा समुद्रकिनारा हे आम्हाला त्या घडीला नको होतं.

ग्वातेमालातून थेट चियापास राज्यात शिरणं नकाशावर जवळचं दिसतं. पण २०२३ नंतर त्या सीमेलगतच्या भागात टोळ्यांची हिंसा वाढली, म्हणून आम्ही बेलिझमधून चेतुमालला आलो. बेलिझचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, ते वेगळे तपासा. बाहेर पडतानाही तो देश शुल्क घेतो, तेवढे पैसे हाताशी ठेवा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा. जून ते नोव्हेंबर कॅरिबियन बाजूला वादळांचा काळ. मेरिदात एप्रिल-मे म्हणजे आपल्या विदर्भातला उन्हाळा समजा. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, आणि त्यासाठी ओआहाकात खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

घड्याळाची एक गोष्ट लक्षात ठेवा. बाकालार, चेतुमाल, कानकुन हे किन्ताना रो राज्यात येतात आणि तिथलं घड्याळ वायादोलिद-मेरिदापेक्षा एक तास पुढे असतं. वायादोलिदला राहून कानकुनहून विमान पकडणाऱ्यांनी हे नीट वहीत लिहून ठेवावं. मेक्सिको सिटीपेक्षा भारत साडेअकरा तास पुढे आहे. तिथे रात्रीचे आठ वाजले की इथे सकाळचे साडेसात, आई चहा घेत असते. घरी फोन करायला इतकी सोयीची वेळ आम्हाला अख्ख्या प्रवासात कुठे मिळाली नव्हती.

पायरी ३: सॅक हलकी करा

पहिल्या मुक्कामी सगळं पलंगावर ओता. पॅटागोनियाच्या थंडीसाठी घेतलेलं जे आता लागणार नाही ते देऊन टाका. पण एक उबदार जॅकेट प्रत्येकी ठेवाच. सान क्रिस्तोबाल सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि रात्री तिथे हुडहुडी भरते. शिवाय लांब पल्ल्याच्या बसमधला एसी इतका गार असतो की जॅकेट, मोजे आणि अंगावर घ्यायला एक शाल लागतेच. कपडे धुवायला प्रत्येक गावात लावान्देरिया असते, किलोवर धुऊन घडी घालून देतात. त्यामुळे चार जोड पुरतात.

पायरी ४: पैसे

चलन पेसो. एक पेसो म्हणजे पाच रुपयांच्या आसपास. पाटीवर पेसोसाठीही डॉलरचंच चिन्ह वापरतात, त्यामुळे जेवणाच्या पाटीवर त्या चिन्हापुढे ९० दिसलं तर दचकू नका.

एटीएम बँकेच्या शाखेतलं, दिवसा वापरा. मशीन विचारतं की आमच्या दराने रूपांतर करू का. तिथे नकार द्या, व्यवहार तरीही होतो आणि तुमच्या बँकेचा दर लागतो, जो सहसा बरा असतो. मेरिदात एका मशीनने आमचं एक कार्ड गिळलं ते परत आलंच नाही. दुसरं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात होतं म्हणून वाचलो. दोघांनी दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या खिशांत ठेवायची, हा नियम त्या दिवसानंतर आम्ही कधी मोडला नाही.

सुट्टे पैसे जपून ठेवा. ५०० ची नोट टपरीवर चालत नाही. बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाला नाणी लागतात, आणि बऱ्याच जागी कागद कमोडमध्ये न टाकता बाजूच्या डब्यात टाकायचा असतो. हॉटेलात १० ते १५ टक्के टिप देतात. सुपरमार्केटमध्ये पिशवी भरून देणारे आजी-आजोबा दिसले तर त्यांना नाणी द्या, अनेकांची कमाई तेवढीच असते.

आमचा दोघांचा खर्च दिवसाला सरासरी १,६०० पेसो आला. त्यात खोली, जेवण, बस आणि तिकिटं आली, विमान नाही.

पायरी ५: बस आणि कोलेक्तिवो

दक्षिणेत आणि पूर्वेत लांबच्या प्रवासाला आदेओ नावाच्या पहिल्या वर्गाच्या बस आहेत. चियापास-ओआहाकाच्या बाजूला त्याच गटाच्या ओसेसे दिसतात. तिकीट स्थानकावरच्या खिडकीवर एक-दोन दिवस आधी काढा. आधी काढलं की बऱ्याचदा स्वस्त मिळतं, आणि चालकामागच्या जागा निवडता येतात, घाटात त्याचा फार उपयोग होतो.

जवळच्या अंतराला कोलेक्तिवो, म्हणजे आपल्याकडची वडाप. भरली की सुटते. पैसे बहुधा उतरताना चालकाला द्यायचे. उतरायचं असेल तर मोठ्याने "बाहान!" म्हणा.

चियापासमध्ये इमिग्रेशनचे अधिकारी बस थांबवून आत चढतात आणि पासपोर्ट बघतात. तो डिकीतल्या सॅकमध्ये गेलेला नको, अंगावर हवा. झेरॉक्स पुरत नाही.

पालेंके ते सान क्रिस्तोबाल हा रस्ता नीट विचार करून निवडा. डोंगरातून ओकोसिंगोमार्गे जवळ पडतो, पण वळणं आणि गतिरोधक यांनी पोट ढवळतं, आणि स्थानिक मागण्यांसाठी लोक तो अधूनमधून अडवतात. मोठ्या बस विल्याएर्मोसामार्गे लांबून जातात. आम्ही लांबचा रस्ता दिवसाउजेडी घेतला. जाण्याआधी मुक्कामाच्या जागी विचारा, त्यांना आजची स्थिती माहीत असते.

रात्रीच्या बसने खोलीचं भाडं वाचतं हे खरं. पण दहा महिन्यांनी शरीर त्याची किंमत दुसऱ्या दिवशी वसूल करतं. लागोपाठ दोन रात्री बसमध्ये काढू नका, आणि रात्रीच्या बसनंतरचा दिवस कोरा ठेवा.

मायन रेल्वेही आता आहे. डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि युकातान द्वीपकल्पाला वळसा घालते. अनेक स्थानकं गावापासून दूर आहेत, तेव्हा तिथून गावात जायचा खर्च आणि वेळ धरून मग बसशी तुलना करा.

पायरी ६: खोली

या टप्प्यावर डॉर्मिटरी नको. मेक्सिकोत पोसादा नावाची छोटी, घरगुती निवासस्थानं मिळतात, बऱ्याच जागी मधल्या चौकाभोवती खोल्या असतात. आम्हाला ५०० ते ८०० पेसोंत स्वच्छ खोली मिळत गेली. आरक्षण करताना "मात्रिमोनियाल" लिहिलेलं दिसेल. तो दोघांचा पलंग असतो पण अरुंद. उंच असाल किंवा नीट झोप हवी असेल तर क्वीन मागा नाहीतर दोन वेगळे पलंग. स्वयंपाकघर वापरू देतात का, हेही विचारा. ओआहाकात आम्ही दहा दिवस एकाच खोलीत होतो, बाजारातून तांदूळ, डाळ आणि कोथिंबीर आणून वरणभात केला. त्या एका जेवणाने जी ताकद आली ती कुठल्या औषधाने आली नसती.

युकातानात झुल्याला हामाका म्हणतात, आणि दोघांच्या झुल्याच्या मापालाही मात्रिमोनियालच म्हणतात. तिरकं झोपलं की पाठ सरळ राहते. मेरिदाच्या दुपारी आम्ही त्यातच काढल्या.

पायरी ७: जेवण, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे

नवरा शाकाहारी, मी सगळं खाणारी. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते: मराठी माणसाच्या जिभेला या सगळ्या प्रवासात मेक्सिकोइतकं घरचं काही वाटलं नाही. आणि त्याला कारण आहे. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, चिकू हे सगळं अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेलं आहे. टोमॅटो हा शब्द तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या "तोमात्ल"वरून आला, आणि चिकूला तिथे अजून "चिकोसापोते" म्हणतात. मेरिदाच्या मंडईत चिकूचा ढीग बघून मी विक्रेत्या बाईंना आमच्याकडे याला काय म्हणतात ते सांगितलं, तर त्यांनी एक चिकू कापून हातावर ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

पोळी मक्याची, तोर्तिया. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, मग धुऊन वाटतात. अशा शिजवलेल्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ चिकट होतं, आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला घेता येतं. युरोपीय लोकांनी मका नेला पण चुना नेला नाही, तेव्हा निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. गल्लीतल्या तोर्तियेरियात किलोवर गरम तोर्तिया मिळतात. फडक्यात गुंडाळून आणा, सोबत अवोकाडो, लिंबू, मीठ, हिरवी मिरची, आणि दोघांचं जेवण झालं.

दुपारी "कोमिदा कोरिदा" शोधा. सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि सरबत, ८० ते १३० पेसोंत. मजूर, कारकून, शाळेतली मुलं जिथे बसलेली असतील तिथेच बसा. शेजारून जाणारा अनोळखी माणूस "प्रोवेचो" म्हणतो, म्हणजे सावकाश जेवा. तुम्हीही म्हणा. आमच्या आजोळी जेवणाऱ्याला असंच म्हणायचे. सरबतांमध्ये "हामाइका" घ्या. ते लाल अंबाडीच्या फुलांचं असतं.

शाकाहारींनी हे पाठ करावं: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मांतेका." मांस नको, कोंबडी नको, हॅम नको, चरबी नको. नुसतं "कार्ने नको" म्हटलं तर कोंबडी येते, कारण कार्ने म्हणजे बहुधा गाय किंवा डुक्कर असा अर्थ घेतात. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, आणि ओआहाकाच्या तलायुदा नावाच्या मोठ्या कुरकुरीत तोर्तियेवर चरबीचा थर लावतात, त्याला आसिएंतो म्हणतात. "सिन आसिएंतो" म्हटलं की आनंदाने वेगळी करून देतात.

मग खायचं काय? भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया. निवडुंगाची भाजी, नोपालेस. मिरचीच्या कापट्या आणि चीज, राहास कोन केसो. मक्याच्या कणसावरची काळी बुरशी, उइत्लाकोचे, जी मातकट आणि मशरूमसारखी लागते. निखाऱ्यावर भाजलेलं कणीस लिंबू-तिखट लावून. मेक्सिको सिटीत केसादियात चीज असेलच असं नाही, "कोन केसो" असं सांगावं लागतं. आणि अलेग्रिया! बाजारात टोपलीत राजगिऱ्याची वडी दिसली तेव्हा आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. फुलवलेला राजगिरा, मध किंवा त्यांचा गूळ, वर शेंगदाणे किंवा भोपळ्याच्या बिया. गुळाला तिथे पिलोन्सियो म्हणतात. उपासाच्या दिवशी आजी द्यायची ती हीच चव. अलेग्रिया या शब्दाचा अर्थ आनंद असा आहे.

तिखटाबद्दल "पिका?" असं विचारायचं. आपल्याला झेपतं, पण आबानेरो नावाची युकातानी मिरची थेंबाथेंबाने घ्या.

पायरी ८: पोट आणि अंग

नळाचं पाणी पिऊ नका. मुक्कामाच्या जागी वीस लिटरचा जार असतो, त्यातून बाटल्या भरा. पालेंकेत नवऱ्याचं पोट बिघडलं आणि उकाड्यात दोन दिवस तो उठलाच नाही. तेव्हा कळलं की अनेक औषधांच्या दुकानांना लागूनच डॉक्टरांची छोटी खोली असते आणि अगदी कमी पैशांत तपासतात. मीठ-साखरेच्या पाण्याला "सुएरो" म्हणतात, ते बाटलीतही मिळतं. पालेंकेचे अवशेष मी एकटीने सकाळी बघून आले. १९५२ साली शिलालेखांच्या मंदिराच्या पोटात माया राजा पाकालची कबर सापडली. त्या मंदिरासमोर मी बसले होते आणि जंगलातून हाउलर माकडांचा आवाज येत होता. तासाभराने परत फिरले. त्या दिवशी तेवढंच पुरे होतं.

पायरी ९: अवशेष आणि सेनोते

चिचेन इत्सा हे माया लोकांचं जुनं शहर वायादोलिदहून करा. पहिली कोलेक्तिवो पकडून सकाळी आठला दार उघडताना आत शिरा, अकरापर्यंत कानकुनच्या मोठ्या बस यायला लागतात. परदेशी माणसाला सहाशे पेसोंहून जास्त लागतात, आणि केंद्राचं व राज्याचं अशी दोन तिकिटं असतात, म्हणून दोनदा पैसे मागितले तर गोंधळू नका. मुख्य पिरॅमिडवर चढता येत नाही. रविवारी मेक्सिकन नागरिकांना सरकारी अवशेष फुकट असतात, तेव्हा गर्दी असते.

दर मोठे असल्याने सगळीच पिरॅमिडं बघायच्या फंदात पडू नका. आम्ही चार बघितली: चिचेन इत्सा, पालेंके, ओआहाकाजवळचं मोन्ते आल्बान आणि मेक्सिको सिटीजवळचं तेओतिउआकान. शेवटच्यासाठी उत्तरेकडच्या बसस्थानकावरून "पिरामिदेस" लिहिलेली बस तासाभरात सोडते.

युकातानच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. चुनखडीतून पाणी खाली जातं आणि छत कोसळलं की सेनोते, म्हणजे नैसर्गिक विहीर तयार होते. उतरण्याआधी अंघोळ करायची, अंगावर सनस्क्रीन किंवा तेल नको. पोहता येत नसेल तरी जा, लाइफ जॅकेट मिळतं. मला पोहता येत नाही. वायादोलिद गावातल्या साकी सेनोतेत मी जॅकेट घालून पाठीवर तरंगले आणि वरच्या गोल आभाळाकडे बघत राहिले.

सान क्रिस्तोबालजवळच्या सान हुआन चामुला या त्सोत्सिल माया लोकांच्या गावातलं देऊळवजा चर्च बघाल. जमिनीवर पाइनची पानं पसरलेली, शेकडो मेणबत्त्या, माणसं जमिनीवर बसून प्रार्थना करताना. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे. फोन खिशातून काढूच नका.

पायरी १०: दोघांनी दोघांसाठी

सान क्रिस्तोबालला पोचलो त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. विषय होता टॅक्सी करायची की चालायचं. खरं कारण थंडी, भूक आणि दहा महिन्यांचा एकत्र थकवा. दुसऱ्या दिवशी ठरवलेल्या गोष्टी पुढे शेवटपर्यंत पाळल्या.

आठवड्यातला एक दिवस वेगळा घालवायचा. सकाळी वेगवेगळे निघायचं, संध्याकाळी ठरलेल्या चौकात भेटायचं, मध्ये फोन नाही. पहिल्या अशा संध्याकाळी नवरा मला बाजारातल्या न्हाव्याची गोष्ट सांगत होता आणि कित्येक आठवड्यांनी आमच्याकडे एकमेकांना सांगायला काहीतरी नवीन होतं.

नव्या गावात पोचल्यावर आधी खायचं, मग ठरवायचं. एक दिवस सगळे निर्णय एकाचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे. "घरी गेल्यावर काय" हा विषय काढायचाच, पण बसल्या जागी आणि दिवसा, रात्री झोपताना नाही. नोकरी, भाड्याचं घर, सासर-माहेर, सगळं आम्ही ओआहाकाच्या चौकातल्या बाकावर रोज सकाळी तासभर बोललो. यासाठी दहा दिवस एका गावात राहिलो, आणि ते वाया गेलेले दिवस नव्हते.

बोलण्यातली एक गोष्ट: कुठले, असं विचारलं तर "दे ला इंदिया" म्हणा. "इंदियो" हा शब्द तिथे आदिवासींना हिणवायला वापरला गेलेला आहे. आणि "आओरिता" म्हणजे आत्ता, पण ते आत्ता पाच मिनिटांचं असेल किंवा संध्याकाळचं. वेळ ठरवताना घड्याळातला आकडा विचारून घ्या.

पायरी ११: मेक्सिको सिटी शेवटी ठेवा

मेट्रो ५ पेसोंत शहरभर नेते. १९६९ साली ती सुरू झाली तेव्हा अनेकांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक स्थानकाला चित्र दिलं, चापुल्तेपेकला नाकतोडा. स्पॅनिश येत नसेल तर चित्रं मोजत जा. पुढचे डबे बायका-मुलांसाठी असतात, मुंबईच्या लेडीज डब्यासारखे. गर्दीच्या वेळी सॅक पोटावर घ्या, रात्री टॅक्सी ॲपवरूनच मागवा. मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्याला एक अख्खा दिवस द्या, दुसरं काही त्यात घालू नका.

आणि एक सकाळ मराठी माणसाने राखून ठेवावी. जुन्या शहरात शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे, एसईपी. तिच्या भिंती मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. त्यातल्या "एल पान नुएस्त्रो", म्हणजे आपली भाकर, या चित्रात मेजाच्या डोक्याशी बसून भाकरी मोडणारा माणूस आहे. तो चेहरा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा. वर्ध्याचा मुलगा, गदर चळवळीतला क्रांतिकारक, ब्रिटिशांमुळे घरी परतण्याची वाट बंद झाली आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परत आले, १९६७ साली नागपुरात गेले. चापिंगोला त्यांचा पुतळा २०२२ साली बसवला. वेळ असेल तर तिथेही जा. पूर्वेकडच्या तापो स्थानकावरून चापिंगोजवळच्या तेस्कोकोच्या बस मिळतात, आणि चापिंगोच्या जुन्या चॅपेलमध्ये रिवेराची आणखी चित्रं आहेत.

आम्ही त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे होतो. आम्ही दहा महिने बाहेर होतो, ते चाळीसहून जास्त वर्षं. रात्री आठला आईला फोन लावला. ती म्हणाली, खानखोजे म्हणजे आपले वर्ध्याचे? मग तिने बाबांना हाक मारून फोन स्पीकरवर टाकला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

ते चित्र वरच्या मजल्यावर आहे. जिना सावकाश चढा, शहर २,२४० मीटर उंचीवर आहे आणि पहिल्या दोन दिवसांत धाप लागते.